माती कितव्या पावलाला सोडते

ठकूबाईंनी डोक्यावरची दुधाची किटली जराही न हलवता एका पायानं दुसऱ्या पायातली चप्पल काढली, मग दुसऱ्यानं पहिल्या पायातली. दोन्ही चपला पायाच्या बोटांत धरून मागच्या मागे हातात घेतल्या आणि चांगली कोरडी, झाडून ठेवल्यासारखी वाट सोडून त्या शेजारच्या गवतात शिरल्या.

मी वाटेच्या तोंडाशीच उभा होतो. माझ्या हातात मातीतला ओलावा मोजायचं यंत्र होतं, खिशातल्या फोनवर पावसाचा नकाशा होता आणि मागे झाडाला माझी सायकल टेकवलेली होती. एवढी सामग्री बाळगणारा माणूस वाटेवर उभा आहे आणि वीस लिटर दूध डोक्यावर घेतलेली बाई गवतातून चालली आहे, हे मला जरा अपमानास्पद वाटलं.

"मावशी, वाट कोरडी आहे की," मी म्हणालो.

"वरनं," त्या म्हणाल्या आणि थांबल्या नाहीत.

मी तेव्हा सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवत होतो. गावात आमचा डोंगरात सायकली चालवणाऱ्यांचा क्लब होता. त्यात माझं काम सगळ्यांच्या मागून येऊन पडलेल्यांना गोळा करण्याचं. या कामाला मी नैसर्गिकरीत्या पात्र होतो, कारण मी तसाही सगळ्यांच्या मागूनच येत असे. त्या वर्षी क्लबानं पहिल्यांदाच मोठी स्पर्धा जाहीर केली. पुण्या-कोल्हापुराहून मिळून एकशे बारा स्पर्धक येणार होते. वरच्या कातळसड्यावरून, म्हणजे माथ्यावरच्या सपाट खडकावरून सुरुवात, मग रानातून उतार, मग डोंगराच्या कुशीतून जाणारी वाट आणि शेवटी खाली तळघोण गावात. नियमावलीत ‘मार्गपरीक्षक’ असं एक पद होतं, आणि भूगोल शिकवतो म्हणून ते मला देण्यात आलं. ‘मातीचे प्रकार’ हा धडा मी एकोणीस वर्षं शिकवत होतो. काळी, तांबडी, जांभी, गाळाची; चार मार्कांना हमखास. त्या एकोणीस वर्षांत माती हातात घेण्याची वेळ मात्र आली नव्हती, कारण प्रश्नपत्रिकेत तसा प्रश्न नसे.

स्पर्धा रविवारी होती. त्याच आठवड्यात मंगळवारी समुद्रात कुठंतरी वादळ झालं आणि ऐन डिसेंबरात आमच्या डोंगरावर दीड दिवस पाऊस कोसळला. गुरुवारी पहाटे थांबला. दुपारी ऊन पडलं, संध्याकाळी वारा सुटला. शुक्रवारी सकाळी सात वाजता मी वाट बघायला वर आलो, तेव्हा सगळीकडे कसं छान कोरडं दिसत होतं. यंत्राचे दोन काटे मी मातीत रोवले. आकडा आला अठरा. यंत्र देणाऱ्या शेतकी शाळेतल्या मित्रानं सांगितलं होतं, वीसच्या आत असेल तर डोळे मिटून जा.

डोळे उघडे असल्यामुळे मला ठकूबाई दिसल्या.

मी त्यांच्या मागे गवतातून गेलो. डोंगराला बिलगून जाणारी ही दोनशे पावलांची वाट, तिला वरच्या वस्तीवरचे लोक नुसतं ‘आडवी’ म्हणत. रुंदी जेमतेम दोन हात. वरच्या अंगाला चढ, खालच्या अंगाला रचलेल्या दगडांचा बांध आणि त्याच्याखाली थेट ओढा. आडवी संपते तिथे ओझं टेकवायचा खांद्याएवढा उंच दगड आहे. ठकूबाईंनी किटली त्यावर सरकवली, चुंबळ काढून झटकली आणि माझ्याकडे वळून बघितलं.

"तुमी कोन? फॉरेष्टचं?"

"नाही. मी मास्तर आहे. रविवारी इथे सायकलींची स्पर्धा आहे, त्यासाठी वाट तपासतोय."

"हितनं? सायकलीवर बसून?"

"हो."

त्यांनी माझ्या पोटाकडे बघितलं, मग हाताकडे. "आन त्ये काय हातात?"

"ओल मोजायचं यंत्र. अठरा दाखवतंय. म्हणजे कोरडं."

"किती खोल जातंय त्ये?"

मी काटे दाखवले. ते बोटाच्या एका पेराएवढे होते. ठकूबाईंनी ते बारकाईनं पाहिले. मग आडवीच्या कडेला जाऊन उजवी टाच एकदाच वाटेवर मारली. वरचा पापुद्रा खचकन मोडला आणि टाच घोट्यापर्यंत आत गेली. खाली तांबडी, मऊ, तिंबून ठेवलेल्या कणकेसारखी माती होती.

"रातभर वारं व्हतं. दव न्हाई पडलं. वरनं सुकलं. दुधावर साय धरती का न्हाई, तसं. सायीवर हात ठेवला म्हंजी दूध गार झालं आसं हाय व्हय?"

मी यंत्र खिशात घातलं.

"बूट काडा," त्या म्हणाल्या.

"माझे?"

"मग कुनाचं?"

मी बूट काढले, मोजे काढले. त्यांच्या टाचेनं पडलेल्या भोकातच पाय रोवला. गार माती बोटांमधून वर आली. मग त्यांनी मला बाजूच्या कातळावर चालायला लावलं आणि पावलं मोजायला सांगितली. मी एक, दोन, तीन करत निघालो. तळव्याला लगदा घट्ट चिकटलेला. आठ, नऊ, दहा. अकराव्या पावलाला कातळ संपला.

"सोडली का मातीनं?"

"नाही."

"चवथ्या पावलाला पाय सोडला, तर वाट झाली. सातव्यापातूर सोडला, तर मानूस चालंल, जनावर घालू ने."

"आणि अकराव्यालाही नाही सोडला तर?"

"तर मास्तर, पाय धुवा."

दुधाची गाडी खाली साडेआठला येत असे. ठकूबाईंकडे जेमतेम अर्धा तास होता. त्यातला बराचसा त्यांनी मला दिला याचं मला आजही आश्चर्य वाटतं. कदाचित बूट काढ म्हटल्यावर बूट काढणारा मास्तर त्यांना पहिल्यांदाच भेटला असावा. त्यांनी मला थोडं मागे, रानाच्या तोंडापर्यंत नेलं. वाटेत काठी आपटत होत्या. एका ठिकाणी ‘टक’ वाजलं, दुसरीकडे ‘डब’. जिथे ‘डब’ वाजलं तिथे मला काहीच वेगळं दिसत नव्हतं. एका वळणावर त्या थांबल्या, नाकानं हवा ओढली आणि म्हणाल्या, "हितं ऊन अकरानंतर येतंय. एक दिस जास्ती धरा." मी वर पाहिलं. पूर्वेला डोंगराची सोंड आड येत होती. सूर्याचं भासमान भ्रमण हा धडासुद्धा मी शिकवायचो.

"रानात मुरूम हाय, पानी धरत न्हाई. सडा तर कातळ, तितं नाचा. आडवी न्हाई."

"फक्त दोनशे पावलं आहेत. सायकली घसरतील, पण पडून पडून..."

"सायकली जात्याल हो," त्या मला तोडत म्हणाल्या. "तुमच्या सायकलीचं कुनी इचारलंय?"

मग त्यांनी सांगितलं. चार वर्षांमागे अशाच अवकाळी पावसानंतर गव्यांचा कळप आडवीवरून गेला होता. मोजून चौदा गवे, एकामागे एक. त्यांच्या खुरांनी मधोमध चाकोरी पडली. पुढच्या पावसात पाणी त्या चाकोरीला लागलं आणि एका रात्रीत बांधासकट साठ पावलं वाट ओढ्यात गेली. दोन महिने वस्तीवरच्या पाच घरांनी दूध सड्यावरून वळसा घालून आणलं. खाली पोचेपर्यंत ऊन चढायचं. नासलेलं दूध गाडीवाला घेत नसे. शेवटी ठकूबाई, त्यांची जाऊ आणि वस्तीवरची आणखी तिघं, अशा पाच जणांनी ओढ्यातून दगड वाहून बांध पुन्हा रचला.

"तुमच्या सायकली किती?"

"एकशे बारा."

"एकामागं एक?"

"हो."

त्यांनी मान हलवली. वाईट वाटून नव्हे. मनात हिशेब जुळला की माणूस हलवतो तशी.

"मंगळवारी घ्या. वारं आसंच ऱ्हायलं तर मंगळवारी आडवी हुईल."

"रविवारीच आहे हो. लोक बाहेरगावाहून येणार."

"मग तेवडी आडवी उचलून न्या. सायकल काय म्हैस हाय का?" त्यांनी किटली डोक्यावर घेतली. "तुमच्या हातात हाय नव्हं, मास्तर?"

"हो," मी म्हणालो.

त्या चपला घालून खाली गेल्या. मी बराच वेळ पाय धूत बसलो.

संध्याकाळी मी विक्रांत शेडगेला फोन केला. विक्रांत आमच्या क्लबाचा अध्यक्ष. त्याचं फरशांचं मोठं दुकान होतं आणि स्वभाव दुकानापेक्षा मोठा. मी त्याला आडवीबद्दल सांगितलं, गव्यांबद्दल सांगितलं, माती कितव्या पावलाला सोडते तेही सांगितलं.

तो शांतपणे ऐकून म्हणाला, "सर, पण सही तर तुम्ही कालच केलीय."

ही गोष्ट मी ठकूबाईंना सांगितली नव्हती. इथवर कुणालाच सांगितली नाही. परवानगीच्या फायलीला जोडायला मार्गपरीक्षकाचा दाखला लागणार होता. गुरुवारी संध्याकाळी विक्रांतच्या दुकानात चहा पिता पिता त्यानं फॉर्म पुढे केला. त्यावर छापलेलं होतं, ‘मी प्रत्यक्ष पाहणी केली असून मार्ग सायकल चालवण्यास योग्य आहे / नाही. (लागू नसेल ते खोडावे.)’ मी ‘नाही’ खोडलं आणि सही ठोकली. पाहणी तर उद्या करणारच होतो. आपल्याकडे पाहणी नेहमी सहीच्या नंतर होते, त्यात मला काही वावगं वाटलं नाही. शुक्रवारी मी डोंगरावर गेलो तो माझी सही बरोबर होती हे बघायला.

"विक्रांत, ती सही मी मागे घेतो."

"फाईल गेली, सर. टी-शर्टांवर तारीख छापलीय. आणि कारण काय लिहायचं? एका मावशींची टाच?"

"तू उद्या सकाळी वर ये. फक्त अर्धा तास."

"आलो तर काय होईल?"

"बूट काढावे लागतील."

विक्रांत आला. येताना नव्या कोऱ्या टी-शर्टांपैकी एक घालून आला, बहुधा माझ्या मनावर परिणाम व्हावा म्हणून. ठकूबाई किटली घेऊन समोरून आल्या, आम्हाला बघून गवतातच थांबल्या. आडवीवर त्यांनी शुक्रवारी मारलेली टाच तशीच होती. वरच्या सायीला पडलेलं भोक आणि आत ओल.

"मावशी, हे आमचे अध्यक्ष."

"बरं," ठकूबाई म्हणाल्या. अध्यक्ष पाहून त्यांना विशेष काही वाटलं नाही.

विक्रांत वाटेच्या तोंडाशी उभा राहिला. चहूकडे कोरडं दिसत होतं. माझ्याकडे बघून तो कीव केल्यासारखं हसला. "मावशी, एवढी सुकलेली वाट आहे..."

ठकूबाईंनी नुसती हातातली काठी त्याच्यापुढे धरली. त्यानं ती घेतली, कातळावर आपटली, मग वाटेवर आपटली. मग परत कातळावर, परत वाटेवर. हळूहळू तो कडेच्या गवतातून पुढे सरकत गेला, दर दोन हातांवर काठी वाजवत, मान तिरकी करून ऐकत. वीस-पंचवीस पावलं गेल्यावर तो थांबला. चेहरा बदलला होता. दुकानात गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं की विक्रांत गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन फरशीवर असंच बोटाच्या पेरानं वाजवत फिरतो, हे मी अनेकदा पाहिलं होतं.

"पोकळ आहे," तो म्हणाला. "खाली माल धरलेला नाही."

"धरंल," ठकूबाई म्हणाल्या. "मंगळवारी."

"यावर पाय पडला तर एक फुटेल. शंभर पडले तर सगळी उखडेल." तो आता आमच्याशी बोलत नव्हता, फरशीशी बोलत होता. मग त्यानं ठकूबाईंना विचारलं, "हे तुम्ही कुठे शिकलात?"

"दूध सांडून," त्या म्हणाल्या.

खाली उतरताना विक्रांत दिसेल त्या दगडावर टाच वाजवून बघत होता. गावाजवळ आल्यावर म्हणाला, "उचलून न्यायचं ठीक आहे, सर. पण तिथे उभं कोण राहणार? आपल्या पोरांचं स्पर्धक ऐकत नाहीत. पुढे असलेला माणूस तर कुणाचंच ऐकत नाही."

"कुणाचं ऐकेल ते मला माहीत आहे," मी म्हणालो.

रविवारी ठकूबाईंनी दूध जावेच्या डोक्यावर दिलं. जाऊ मला म्हणाली की लग्न होऊन आल्यापासून हे पहिल्यांदाच. विक्रांतनं त्यांच्या पदरावर ‘पंच’ लिहिलेला बिल्ला लावला. त्यांनी तो उपडा करून पाहिला, पिन नीट बसलीय याची खात्री केली आणि आडवीच्या तोंडाशी काठी टेकून उभ्या राहिल्या. मी दहा पावलांवर गवतात.

सकाळी सगळ्यांना सूचना दिली होती. सूचना ऐकताना सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. माना डोलावणारे एकशे बारा लोक एका जागी पाहिले की मला वर्ग आठवतो, म्हणून मी निश्चिंत नव्हतो.

पहिला आला अद्वैत बर्वे. आधीच्या वर्षी तीन ठिकाणी जिंकलेला, पुण्याचा. रानातून असा सुटून आला की मागे पाचोळा उडत होता. आडवी दिसली, कोरडी दिसली, आणि त्यानं ब्रेक सोडला. ठकूबाई वाटेच्या मधोमध झाल्या. हात वर केला नाही, ओरडल्या नाहीत. नुसत्या उभ्या राहिल्या. तो त्यांच्यापासून दोन हातांवर कसाबसा थांबला.

"आजी, बाजूला व्हा, रेस चालू आहे."

"व्हय. उतर."

"मला येतं इथून चालवता."

"तुला येतंय रे. लांबनं बगितलं की मी तुला येताना." त्यांनी काठीनं वाट दाखवली. "हिला झेपत न्हाई. उतर."

"माझा वेळ जातोय."

"मग बोलतो कशाला? किती वजन हाय हिचं?"

"साडेनऊ किलो," तो म्हणाला. अशा वेळीही त्याच्या आवाजात अभिमान होता. एवढी हलकी सायकल तिथे कुणाकडे नव्हती.

"माझ्या डोक्यावर वीस लिटर असतंय. रोज. थेंब सांडत न्हाई. आन तू तिच्यावर बसून आलास."

अद्वैत बर्वेनं माझ्याकडे बघितलं. मी गवताकडे बघितलं. तो उतरला, सायकल खांद्यावर घेतली आणि गवतात शिरला. चार पावलांवर घसरून बसला.

"बूट काड," ठकूबाई म्हणाल्या. "गवतात बोटं लागत्यात."

त्यानं बूट काढले.

पहिला अनवाणी झाल्यावर दुसऱ्यानं वाद घातला नाही. तिसऱ्यानं विचारलंसुद्धा नाही. पाऊण तास त्या डोंगराच्या कुशीतून एकशे बारा सायकली माणसांवर बसून गेल्या. कुणी बूट गळ्यात अडकवले होते, कुणी दातांत धरले होते. एक दातांचे डॉक्टर होते, त्यांनीही दातांत. ठकूबाई सगळ्यांचे पाय बघत होत्या. चेहरा एकाचाही त्यांनी बघितला असेल असं मला वाटत नाही. जो नीट पाय रोवत होता त्याला त्या काही बोलत नव्हत्या, जो घाई करत होता त्याला म्हणायच्या, "टाच आदी, लेकरा." मी पंच पुष्कळ पाहिलेत, स्वतःही झालोय. एकही शिट्टी न वाजवता एवढी माणसं ओळीनं सरळ चालवणारा मी दुसरा पाहिला नाही.

शेवटून पहिला मी. नियमाप्रमाणे मीही सायकल खांद्यावर घेतली.

"मास्तर, तुमी चालवत गेलासा तरी चाललं असतं," ठकूबाई म्हणाल्या. "तुमच्या येगानं चाकोरी पडत न्हाई."

खाली बक्षीस समारंभ झाला. अद्वैत बर्वेच पहिला आला होता. बोलताना त्यानं मार्गाचं कौतुक केलं, मधला एक भाग ‘तांत्रिकदृष्ट्या फार कठीण’ होता असं सांगितलं. विक्रांतनं मला कोपरानं ढोसलं. ठकूबाई समारंभाला आल्या नव्हत्या. दुपारच्या धारेला म्हशी थांबत नाहीत.

मंगळवारी मी कॉलेजात किरकोळ रजा टाकली. कारणाच्या रकान्यात ‘घरगुती’ लिहिलं. सकाळी सात वाजता आडवीच्या तोंडाशी जाऊन उभा राहिलो. वारा तसाच होता. शेजारचं गवत रविवारी तुडवलेलं, अजून आडवं पडलेलं. पण वाटेवर एका टाचेशिवाय खूण नव्हती.

ठकूबाई वरून आल्या. म्हैस आटत आल्याची काहीतरी गोष्ट त्यांनी दुरूनच सुरू केली होती. आडवीच्या तोंडाशी त्या थांबल्या नाहीत, खाली बघितलं नाही. चपला पायांतच. बोलत बोलत वीस लिटर दुधासकट त्या वाटेवरून सरळ चालत गेल्या, आणि प्रत्येक पावलाला ‘टक’ वाजत होतं.

मी मात्र थांबलो. बूट काढले, वाटेच्या कडेला जिथे सावली जास्त वेळ राहते तिथे पाय रोवला आणि कातळावर मोजत निघालो. एक. दोन. तीन. चौथ्या पावलाला तळव्याखालून ढेकूळ निखळलं आणि कातळावर पडून फुटलं.

मग सवयीनं यंत्र काढलं आणि वाटेत रोवलं. अठरा. शुक्रवारीही अठराच होतं.

"मास्तर," पुढच्या वळणावरून हाक आली, "येताय नव्हं? दूध थांबत न्हाई."

मी बूट हातात घेतले, आडवीच्या टोकाला यंत्र ओझं टेकवायच्या दगडावर ठेवलं आणि त्यांच्या मागे निघालो.